हरिबाचा टोप आणि रबराची जीभ

भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच सुमाराला वेल्ह्याच्या डोंगरावरचा हरिबा मुंबई शहरात विलीन झाला. पहिल्या घटनेची नोंद सरकारदरबारी झाली. दुसरीची नोंद फक्त त्याचा धाकटा भाऊ म्हादू याने घेतली, कारण त्या दिवसापासून दोघांच्या वाटणीची मेंढरं एकट्याने वळायची पाळी त्याच्यावर आली. जाताना हरिबाने आपली काठी भावाच्या हातात दिली आणि सांगितलं, "माजी वाट बगू नगंस. हरिबा आता मेंढरामागं दिसायचा न्हाई." म्हादूने वाट पाहिली नाही. काठी मात्र वर्षाकाठी तेल पाजून, आढ्याला अडकवून जपून ठेवली. हरिबाला ओळखणारी माणसं असं काहीतरी हाताशी ठेवूनच असत.

मुंबईत तो गोदीत लागला. जहाजांच्या बुडाखाली उतरून काम करणारे पाणबुडे तिथे असतात. त्यांच्या डोक्यावर तांब्याचा टोप, टोपाला नळी, आणि नळीच्या वरच्या टोकाला हवेचा पंप. पंपाचं चाक दोघांनी दोन बाजूंनी फिरवायचं, म्हणजे खालचा माणूस जगतो. हरिबा डाव्या बाजूचा होता. गोदीत होता तोवर त्याने ते चाक इमानाने फिरवलं. तो स्वतः कधी पाण्याखाली गेला नव्हता. आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना डोळे मिटायचा, तेवढाच काय तो त्याचा पाण्याखालचा अनुभव. पोहताही येत नव्हतं. येणार कुठून? त्याच्या वाडीवर पाऊस मुबलक; पण डोंगरावर पडलेलं पाणी तिथे थांबण्याच्या भानगडीत न पडता खालच्या लोकांकडे निघून जाई.

लढाईनंतर फौजांनी टाकून दिलेला माल त्या काळी मुंबईत ढिगाने मिळे. एका ढिगात हरिबाला एक टोप गवसला. गोदीतल्या टोपाहून धाकटा. दिसायला उपडा घातलेला हंडा, पुढे काच, मागे नळीचं पितळी तोंड. खालून उघडा, नुसता खांद्यांवर ठेवायचा. उपडा तांब्या पाण्यात दाबला की आत हवा कोंडून राहते, तसं डोकं हवेत आणि बाकीचा माणूस पाण्यात. सोबत दांड्याने वरखाली करायचा पंप, लांब नळी, आणि नळी टोपाला जिथे मिळते तिथे आतून एक रबराचा पातळ तुकडा. पंपातली हवा आली की तो उचलायचा, हवा परत फिरू लागली की मिटायचा. हरिबा त्याला जीभ म्हणे. साऱ्या यंत्रात एवढी एकच वस्तू अंगठ्याएवढी होती, आणि माणसाचा जीव नेमका तिच्यावर होता.

तो टोप मांडीवर घेऊन हरिबा एसटीने भोरला परतला. कंडक्टरने विचारलं, "ह्यात किती माणसांचा भात शिजतो?" हरिबाने काचेतून बाहेर पाहिलं आणि ह्या अडाणी मुलखात आपलं कसं होणार, असा सुस्कारा टाकला. पण झालं. भोरात नदीकडच्या अंगाला त्याने खोली घेतली, बायकोला वाडीवरून आणलं, आणि महिन्याभरात तो हरिबा पाणबुडे झाला. विहिरीत पडलेल्या घागरी, कळश्या, रहाटाच्या कड्या काढायला लोक त्याला बोलावू लागले. अशा कामाला पूर्वी एखादा पोहणारा गडी लंगोट लावून बुडी मारी आणि गुळाच्या खड्यावर घरी जाई. आता टोप आला, नळी आली, पंप आला. घागर तीच निघे. पण बघायला गर्दी जमे.

पंप मारायला बायको, सोजराबाई. हे काम परक्याला न देण्यामागे हरिबाचं तत्त्व होतं.

"माजा श्वास म्या दुसऱ्याच्या हातात देनार न्हाई," तो म्हणे.

"आन माज्या हातात दिलाय त्यो?"

"तू घरची."

"मग घरच्यासारकं बोलत जावा जरा," सोजराबाई म्हणे, आणि दांडा हाताने हलवून पाही. त्या दांड्याच्या आवाजात हरिबाला कधीकधी धमकी ऐकू येई. कामाच्या दिवशी सकाळी तो कालवणाला नावं ठेवत नसे.

बाजाराच्या दिवशी यंत्राची निगा असे. निगा म्हणजे सोहळाच. ओट्यावर घोंगडी पसरायची, तिच्यावर यंत्राचा एकेक भाग उलगडून मांडायचा, शेजारी करंजाच्या तेलाची बाटली. बाजाराला आलेली माणसं थबकायची. हरिबा कुणाला हात लावू देत नसे. भोरात लोहार होते, इंजिनवाले होते, घड्याळजीसुद्धा होता. पण यंत्र ज्याचं, निगाही त्यानेच राखायची, हा गोदीचा कायदा आहे असं तो सांगे. गोदीत निगा राखणारा माणूस वेगळा होता, आणि हरिबाने पंपाला नुसतं बोट लावलं तरी तो वस्सकन अंगावर येई, एवढा तपशील तो वगळत असे.

निगेचं त्याचं शास्त्र मात्र गोदीतलं नव्हतं, घरचं होतं. त्याच्या मुलखात चामड्याची मोट तेल पिते, वहाणा तेल पितात, काठी तेल पिते, बैलाच्या शिंगांनाही सणाला तेल लागतं. जे पाण्यात जातं, घासतं, वाळतं, त्याला तेल. पंपात चामड्याचा वायसर होता. त्याला हरिबाने करंजाचं तेल पाजलं आणि पंप नव्यासारखा चालू लागला. इथवर तो शंभर टक्के बरोबर होता. माणूस एकदा बरोबर ठरला की त्याला आवरणं अवघड जातं. मग त्याने पितळेला तेल लावलं, नळीला लावलं, काचेच्या कडेला लावलं, आणि शेवटी मोठ्या मायेने रबराच्या जिभेला लावलं.

एसटी स्टँडसमोर सायकली दुरुस्त करणारा ज्ञानू एकदा घोंगडीपाशी रेंगाळला.

"हरिबा, रबराला त्याल लावू नगा हो. फुगतंय त्ये."

"ज्ञानू, तुजी सायकल पान्याखाली जाती का?"

"न्हाई."

"मग?"

ज्ञानूची स्वतःची सायकल बारा महिने पंक्चर होऊन दुकानाला टेकलेली असे, त्यामुळे त्याच्या रबरज्ञानाबद्दल भोरात फारसं चांगलं मत नव्हतं. जमलेले लोक हसले. ज्ञानूही हसला आणि चहा प्यायला गेला.

ह्याच ओट्यावर हरिबाने दुसराही एक सिद्धांत मांडला. तो विहिरीत उतरला की टोपाच्या कडेखालून जास्तीची हवा बाहेर पडे आणि पाण्यावर बुडबुड्यांची उकळी फुटे. काठावरची पोरं त्याला हसत. एकदा कुणीतरी तोंडावरच विचारलं, "हरिबा, खाली जाऊन काय करता हो एवढं?" प्रश्नात खोडी होती. हरिबाने ताबडतोब शास्त्र काढलं.

"बुडबुडं शिकाऊ मानसाचं. मुरलेला पानबुड्या हवा वाया घालवत न्हाई. गोदीत आमचा वस्ताद खाली गेला की पानी आरशावानी. बुडबुडं थांबलं की समजायचं, आता खरं काम चाललंय."

"मग तुमचं कवा थांबनार?"

"हळूहळू," हरिबा म्हणाला.

ही गोष्ट तालुकाभर झाली. हरिबाच्या गोष्टी तालुकाभर होत, ह्यातच त्याचं सुख होतं आणि पुढे ह्यातच त्याचा जीव जाण्याची वेळ आली.

किकवीच्या चिमाजीबापूने त्या साली विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. गावातलं पहिलं. बापूने मोट मोडीत काढली, बैल विकले, आणि इंजिनाचा धडधडाट गावाला ऐकू जावा म्हणून खोपीला दार लावलं नाही. ऐन उन्हाळ्यात इंजिन धडधडत राहिलं आणि पाणी यायचं बंद झालं. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला एक जाळीदार झडप असते. अख्खा तालुका तिला फुटबॉल म्हणतो. त्या फुटबॉलात काहीतरी अडकलं होतं. ऊस माना टाकू लागला.

किकवीतली पोरं त्या विहिरीत दिवसभर मुटके मारत. त्यातलं कुठलंही पोर बुडी मारून जाळी साफ करून आलं असतं. पाइपच वर ओढून घेतला असता तरी चाललं असतं. तसं कुणीतरी सुचवलंही. चिमाजीबापूने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मोटेच्या काळातला माणूस अजून जिवंत कसा.

"यंत्राचं दुखनं हाय ह्ये," बापू म्हणाला. "त्याला पोरं कशी चालतील? यंत्रच आनलं पायजे."

त्या दिवसांत म्हादूची मेंढरं बापूच्याच रानात बसली होती. मेंढरं रात्रभर रानात बसवायची, खत रानाला आणि धान्य धनगराला, असा जुना व्यवहार. म्हादू मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "यंत्र हाय. माज्या दादाकडं."

निरोप घेऊन तो भोरला आला तेव्हा त्याच्या हातात दोन काठ्या होत्या. हरिबाने ओळखली.

"ही कशापायी आनलीस?"

"असू दे म्हनलं संगं," म्हादू म्हणाला. "दादा, खरं सांगू? मला एकट्याला आता व्हत न्हाई. बापूच्या हिरीवर समदी किकवी येनार. जमलं तर तू पानबुड्या, म्या पुन्यांदा इचारनार न्हाई. न्हाई जमलं तर काठी घे नि चल."

हरिबाने काठीकडे पाहिलं. तेलाने ती काळीभोर, तुकतुकीत झाली होती. पुन्हा पावसात घोंगडीची खोळ, पुन्हा लोकरीचा वास, पुन्हा कुणाच्या तरी रानाच्या कडेला उभं राहून "बसवू का मेंढरं?" असं विचारणं. हल्ली भोरच्या बाजारात त्याला "या पाणबुडे" म्हणत. हे दोन शब्द परत करायची त्याची तयारी नव्हती.

"काठी माघारी घिऊन जायाची तयारी ठेव," तो म्हणाला.

आता एवढ्या मोठ्या कामासाठी निगाही मोठी. हरिबाने जीभ काढली, आधी घासलेटमध्ये धुतली आणि मळ सुटावा म्हणून वाटीभर घासलेटातच ठेवून दिली. मग पुसून करंजाच्या तेलात बुडवली आणि मुक्कामाला राहू दिली. एरवी बाजाराच्या दिवशी नुसता हात फिरे. ह्या वेळी तिला पोटभर मिळालं. किकवीला जायच्या सकाळी त्याने ती बाहेर काढली, तेव्हा ती लुसलुशीत, गुटगुटीत आणि चकचकीत झाली होती.

सोजराबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "ही आदी एवडी न्हवती."

"त्याल मानवलंय तिला."

"फुगलीय ती, अवं."

"बाळसं धरलंय म्हन."

जीभ तिच्या जागी बसताना जरा कुरकुरली. हरिबाने अंगठ्याने दाबून बसवली. फुंकून पाहिलं, हवा गेली. थोडं जोराने फुंकावं लागलं, पण नव्या वहाणाही आधी चावतातच.

किकवी खरोखरच जमली होती. विहिरीच्या काठावर माणसं, बाभळीवर पोरं, खोपीच्या छपरावर दोघं. चिमाजीबापूला बसायला खुर्ची आणली होती. हरिबाने कमरेला दोर बांधला, बापूच्या धान्याच्या तराजूची लोखंडी वजनं गोणपाटात शिवून पोटापाठीला लटकवली, आणि दोराचं दुसरं टोक म्हादूच्या हातात देऊन मोठ्याने, साऱ्यांना ऐकू जाईल असं समजावलं.

"एक हिसका म्हंजी ठीक. दोन म्हंजी दोर सोड. म्या जेवढं दीन तेवढंच तू माघारी द्यायचं, म्हंजी मला कळंल तुला कळलं."

"आन वर वडायचं आसंल तर?" म्हादूने विचारलं.

लोक ऐकत होते. हरिबा हसला. "मुरलेल्या पानबुड्याला वडावं लागत न्हाई. त्यो आपला आपन येतो."

सोजराबाईने पदर खोचला आणि पंपाशी उभी राहिली. सकाळी जीभ फुगल्याचं सांगून झालं होतं. आपलं म्हणणं दुसऱ्यांदा सांगायची तिला सवय नव्हती.

टोप खांद्यांवर आला आणि जग काचेएवढं झालं. आत करंजाचा, घासलेटचा आणि हरिबाचा स्वतःचा वास. वरून पंपाची फुस्स-फुस्स. पायऱ्या संपल्या, पाणी गळ्याशी आलं, काचेवर चढलं. मग दोराच्या आधाराने तो हळूहळू खाली गेला. हिरवा उजेड, कातळाला शेवाळ, आणि पुढ्यात चिमाजीबापूचा नवाकोरा पाइप. हरिबाने त्याला मिठी मारली. खाली जाळीला एक फडकं लपेटलं होतं. जरीची किनार दिसत होती. बापूचं लग्नकार्याचं उपरणं पाडव्यापासून नाहीसं झालं होतं आणि त्यापायी बापूने घरातल्या एकूणएक माणसाला चोर ठरवलं होतं. ते इथे, फुटबॉलाच्या गळ्यात होतं. हरिबाला मोठी मौज वाटली. वर गेल्यावर हे कसं सांगायचं, कुठे थांबायचं, बापूकडे कधी बघायचं, हे त्याने मनात जुळवायला घेतलं.

तेवढ्यात फुस्स-फुस्स थांबली.

टोपात शांतता झाली. लग्नापासून हरिबा घरात थोडी शांतता मागत आला होता. ती अखेर पाण्याखाली मिळाली, आणि त्याला अजिबात आवडली नाही.

त्याने वाट पाहिली. हवा येईना. काचेवर वाफ धरली. त्याने एक हिसका दिला. वरून लगेच एक हिसका आला. ठीक. त्याने दोन दिले. दोन आले, आणि दोर सैल झाला. हरिबा आणखी हातभर खाली गेला. मग त्याने हिशोब सोडला आणि सापडेल तसा दोर ओढू लागला. वरून तितकेच हिसके, तितक्याच अंतराने, एकही न चुकवता येऊ लागले. जन्मभर मेंढरं मोजणारा माणूस वर उभा होता. भावाच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता.

टोपातली हवा कोमट, मग गरम, मग जड झाली. कानशिलं ठणकू लागली. टोप फेकून वर यावं, तर पोहता येत नव्हतं आणि पोटापाठीला बापूचीच वजनं. त्या क्षणी हरिबाला वस्ताद आठवला नाही, गोदी आठवली नाही. ज्ञानूची पंक्चर सायकल आठवली. दुकानाला टेकलेली, निवांत, पाण्यापासून दूर.

वर काय चाललं होतं, ते त्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बुडबुडे थांबले आणि पाणी आरशासारखं झालं, तेव्हा किकवीने आ वासला.

"थांबलं बगा बुडबुडं!"

"मुरला गडी!"

"गप ऱ्हावा रं, आता खरं काम चाललंय," चिमाजीबापू खुर्चीतून म्हणाला, आणि सगळे अदबीने गप्प झाले. खोपीवरच्या एकाने तर हात जोडले.

इकडे सोजराबाईच्या हातातला दांडा जड झाला होता. तिने अंगाचा भार टाकला. तो अर्ध्यावर अडला. नळी पंपाशी टरारून फुगली. तिने पाण्याकडे पाहिलं.

"भावजी, वडा त्यास्नी वर."

"वैनी, दादा म्हनला व्हता, बुडबुडं थांबलं की—"

"तुमचा दादा झोपला की समदी आळी जागी ऱ्हाती!" सोजराबाई ओरडली. "त्यो मानूस झोपंत हवा वाचवीत न्हाई, त्यो पान्यात वाचवनार? वडा!"

हा पुरावा बिनतोड होता. म्हादू रात्र-रात्र त्या घोरण्याच्या शेजारी, मेंढरांच्या वाड्यात झोपलेला होता. त्याने काठ्या टाकल्या, पाय रोवले आणि दोर ओढला. पाहता पाहता बाभळीवरची, छपरावरची माणसं दोराला झोंबली. खाली हरिबाने पाइपाला मिठी मारलेली, ती सुटेना. शेवटी दोराने त्याला उपटून काढला. हात जाळीवरून सरकले आणि बोटांत सापडलं ते फडकं घेऊन हरिबा वर आला. टोप वाटेतच खांद्यांवरून निसटला आणि नळीला लोंबकळत राहिला.

काठावर त्याला पालथा घातला. तोंडातून पाणी आलं, नाकातून आलं. मग डोळे उघडले. भोवती सगळी किकवी वाकून पाहत होती. हरिबाने श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलला.

"कुनी... सांगितलं वडाय? काम चाललं व्हतं माजं."

आणि मूठ उघडली. उपरणं.

गावाला दुसरं काही लागलं नाही. बापूने उपरणं ओळखलं, पण ओळख दिली नाही. इंजिन सुरू केलं. पाइपाने दोन ढेकरा दिल्या आणि पाणी असं उसळलं, की ते जिथे पडतं त्या थारोळ्यापाशी उभी माणसं भिजली. किकवीचा निकाल लागला: असा पाणबुड्या झाला नाही. श्वास रोखून, एक बुडबुडा न सोडता, फुटबॉल साफ करून, वर चोरीचा माल काढून आणला.

हरिबाने मान वळवून सोजराबाईला शोधलं. ती अजून पंपाशीच उभी होती. दांडा दोन्ही हातांनी आवळून धरलेला. म्हादू तिची बोटं एकेक करून सोडवत होता, आणि ती म्हणत होती, "सोडते, भावजी, सोडते की," पण बोटं सुटत नव्हती. हरिबाने नजर खाली केली.

निघताना म्हादूने दोन्ही काठ्या उचलल्या.

"घिऊन जातो," म्हणाला. "दादा, खरंच काम चाललं व्हतं?"

हरिबाने वहाणेचा अंगठा नीट केला. "वैनीला इचार."

"ती इचारू देत न्हाई."

"मग असू दे," हरिबा म्हणाला. म्हादूने मान हलवली आणि मेंढरांकडे गेला. काठी त्याने फेकली नाही, एवढं हरिबाने पाहून ठेवलं.

बाजाराच्या दिवशी ओट्यावर घोंगडी पसरली गेली नाही. हरिबाने दार लोटून आतच टोप उघडला. जीभ बाहेर येईना. सुरीच्या टोकाने काढली, तर ती भज्यासारखी सुजून पितळेला चिकटली होती. बोटाला काळं लागत होतं. सोजराबाई समोर बसली होती. हरिबा एवढा वेळ तिच्या बोलण्याची वाट पाहत राहिला, की शेवटी त्यालाच राहवेना.

"बोल की."

"काय बोलू? बाळसं चांगलं धरलंय."

हरिबाने तेलाची बाटली तिच्याकडे सरकवली. "चामडं माज्याकडं. रबर तुज्याकडं. माज्या हाताला त्याल आसलं, तर रबराला हात लावू दीऊ नगंस."

"आन ऐकलं न्हाई तर?"

"दांडा तुज्याच हातात हाय," हरिबा म्हणाला.

नवी जीभ कापायला जुन्या ट्यूबचा तुकडा हवा होता, आणि ट्यूबचे तुकडे सगळ्या भोरात एकाच माणसाकडे होते. हरिबा स्टँडवर गेला, आधी चहा प्यायला, एसटीच्या वेळा विचारल्या, ज्ञानूच्या पंक्चर सायकलची चौकशी केली.

"एक बोटभर रबर आसंल का रं? खुराड्याच्या दाराला बिजागरी करायचीय. कोंबड्या भाईर येत्यात."

ज्ञानूने ट्यूब शोधली, चांगला तुकडा निवडून कापला आणि हातावर ठेवला. चेहरा कोरडाच.

"घ्या. फकस्त एक करा, हरिबा. खुराड्याला त्याल लावू नगा."

"कोंबड्यास्नी सांगतो," हरिबा म्हणाला आणि निघाला. ज्ञानूने हे कुणाला सांगितलं नाही. निदान हरिबाच्या कानावर आलं नाही. आणि त्याच्या कानावर न येणारी गोष्ट भोरात घडली नाही असं धरायला तो मोकळा होता.

पुढचं बोलावणं वरवे गावाहून आलं. किकवीचा लौकिक तिथवर गेला होता. लोक बुडबुडे थांबायची वाट पाहायला घरून दशम्या बांधून आले होते. हरिबाने दोर बांधला. पाणी थंड आहे, असं तो पाणी न लागताच म्हणाला. मग टोप उचलण्याआधी सगळ्यांकडे वळून त्याने नवं शास्त्र सांगितलं.

"आता ध्यान द्या. बुडबुडं एकसारकं आलं पायजेत. मुरलेला पानबुड्या सडळ हातानं हवा सोडतो. थांबलं, की समजायचं गडी शिकाऊ हाय. लगोलग वर वडायचा. हिसकं मोजत बसायचं न्हाई."

"पर किकवीला तर—" कुणीतरी सुरू केलं.

"किकवीची हीर येगळी," हरिबा म्हणाला.

टोप डोक्यावर घेताना त्याने सोजराबाईकडे पाहिलं. "रबर बगितलंस?"

"बगितलं."

"कोरडं हाय?"

"तुमच्या बोलन्यापेक्षा," ती म्हणाली आणि दांडा खाली दाबला. टोपात फुस्स झालं. हरिबा पायऱ्या उतरू लागला. पाणी काचेवर चढलं, आणि मग विहिरीच्या मधोमध बुडबुड्यांची अशी भरघोस उकळी फुटली, की वरव्याच्या पोरांना हसू आवरेना. सोजराबाईने त्यांना हसू दिलं.